काळे निघालेले फोटो

"अरविंदभाऊ, मशीन चांगली हाय तुमची. हा पडदाच फुल्ल करून ठेवला ना तुमी," म्हणत प्रिंटर तपासायला बोलावलेल्या योगेशनं कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला.

पडद्यावरचं हसरं जोडपं एकदम झाकोळलं. माझ्या हातातल्या प्रिंटवर होतं, अगदी तसंच. म्हणजे बिचारा प्रिंटर खरं तेच सांगत होता. तीन महिने माझ्याकडचे फोटो काळे निघत होते आणि मी शाईला शिव्या घालत होतो, नागपूरच्या कागदवाल्याशी फोनवर भांडून बसलो होतो. उन्हाळ्यात दुपारचं ऊन थेट पडद्यावर यायचं, काही दिसायचं नाही, म्हणून उजेड मीच वाढवला होता. त्या झगमगाटात सगळे चेहरे उजळ दिसायचे. झकास, म्हणायचो आणि छापायचो. सौंसरात सत्तावीस वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्याला एवढं कळू नये!

योगेश चहा पिऊन गेला. मला मात्र लोधीखेड्याच्या उर्मिलाबाई आठवल्या. त्यांच्या सोनालीचा स्थळांना दाखवायचा फोटो काळा आला, तेव्हा तिला घेऊन त्या परत आल्या होत्या. थोडा उजळून द्या ना जी, म्हणत होत्या. दुकानात चार गिऱ्हाइकं, माझं डोकं आधीच फिरलेलं. पोरीदेखत म्हणालो, "बाई, चेहराच काळा, त्याले मशीन का करन?"

कोणीतरी हसलं होतं. सोनालीनं फोटो पाकिटात घातला आणि खाली मान घालून पायऱ्या उतरली.

आता लाज वाटली. इतकी, की रिकाम्या दुकानातही मान वर करवेना. तिचाच फोटो पुन्हा उघडला. चेहरा गोरा वगैरे केला नाही, होता तसा छापला. सावळी पोर, डाव्या गालावर खळी. आधीच्या प्रिंटमध्ये ती खळी पार बुडाली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता लोधीखेड्याची बस धरली.

उर्मिलाबाईंनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, अडखळत माफी मागितली. नवा फोटो पुढे केला. सोनालीनं फोटो दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"गोरं करून आणलं का काकाजी?"

"नाही वो बाई. तू अशीच हायेस."

ती माझी समजूत काढायला लागली. "राहू द्या जी. तुमाले वाईट वाटलं असन म्हणून केलं. पण हा पाहून पाहुणे आले, तं फसवलं म्हणतीन मले."

उर्मिलाबाई म्हणाल्या, अगं, खरंच अशी दिसतेस तू. "तू तं आईच हायेस," असं म्हणून तिनं फोटो माझ्या हातात परत ठेवला.

मला एकच सुचलं. म्हणालो, "आरसा आणा. समोर धरून पाहू दे तिले."

दोघीही जागच्या हलल्या नाहीत. उर्मिलाबाईंची नजर दाराशेजारच्या भिंतीवर गेली. तिथं एक खिळा होता आणि खाली आरशाएवढा चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ राहिला होता.

"तिनंच काढून ठेवला," त्या हळूच म्हणाल्या.

कधीपासून, हे मी विचारलं नाही. फोटो पाकिटात घातला आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागलो.