चिठ्ठीवरचं नाव

मर्नानं विमान असं काही टेकवलं, की चाकं जमिनीला कधी लागली ते शेजारी बसलेल्या डेसलाही कळलं नाही. लाल धूळ उठली, मागे राहिली, आणि पंखा फटफटत थांबला.

"बाई, याला उतरणं म्हणतात का निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवणं?" म्हातारा डेस पट्टा सोडत म्हणाला. "परवा तीनदा मारलंस मला. आज अंगावर धक्का नाही."

"दोनदाच मारलं. तिसऱ्यांदा तू आपला आपणच मेलास, भीतीनं."

डेस हसला, पण हसताना गुडघा चोळत होता. विमान शिकवण्यात त्याचा सारा जन्म गेलेला. तीन दिवसांपूर्वी तो आपलं विमान घेऊन गावाहून इथे आला होता, मर्नाची परीक्षा घ्यायला. त्यानं सही केली तर मर्ना एकटी उडायला मोकळी. नाही केली, तर उन्हाळ्याआधी रान विकायचं आणि टुवूम्बा शहरात लेकीच्या मागच्या खोलीत जाऊन राहायचं.

रान केवढं, तर गाडीनं सगळ्या बोअरी बघायच्या म्हणजे दोन दिवस. अकरा बोअरी, अकरा पवनचक्क्या, अकरा हौद. भर उन्हाळ्यात एखादा हौद आटला तर गुरांना दुसरा दिवस दिसत नाही. विमानातून तेच काम दीड तासाचं. मर्नानं ते वीस वर्षं केलं होतं. मग क्लाइव्हचं, तिच्या नवऱ्याचं, अर्धं अंग गेलं आणि ती जमिनीवर आली. आठ वर्षं त्याला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली. गुरं निम्मी केली, आणि हौद बघायला मजूर ठेवला. मागच्या हिवाळ्यात क्लाइव्ह गेला, त्यानंतर महिन्याभरात मजूरही काम सोडून गेला. विमान शेडमध्ये उभं होतं, पंखावर धुळीची गोधडी पांघरून.

स्वयंपाकघरात चहा झाला. डेसनं तिची वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि थांबला.

"उडतेस झकास. आता सांग, परत आली नाहीस तर कुणाला कळणार?"

मर्नानं चहाचा कप बाजूला सारला.

ती रीत तिला माहीत नव्हती थोडीच! उडण्याआधी चिठ्ठी लिहायची: कुठे चालले, कुठल्या वाटेनं, किती वाजता परत. ती जमिनीवरच्या कुणाच्या तरी हाती द्यायची. वेळ टळली आणि माणूस आलं नाही, की त्या कुणीतरी फोन करून शोध सुरू करायचा. वीस वर्षं ती चिठ्ठी क्लाइव्हच्या खिशात असायची. दहा मिनिटं उशीर झाला तर तो अंगणात येऊन उभा राही, कपाळावर हात धरून, आभाळ वाचत.

"लेकीचं नाव लिही," ती म्हणाली.

"लिनेटचं? ती पाच मिनिटांत सैन्य बोलावेल. नाहीतर शाळेत शिकवत असेल आणि फोनच उचलणार नाही. जवळचं माणूस सांग."

"जवळ कोण आहे इथे? कांगारू आहेत."

"थेल्मा आहे. नदीपलीकडे."

मर्ना उठली आणि उगाच कपबशा विसळायला लागली. थेल्मा सत्तर किलोमीटरवर. एके काळी दोघी दर रविवारी एकमेकींकडे. क्लाइव्ह आजारी पडला तेव्हा थेल्मा मटणाचा पाय भाजून घेऊन आली होती, आणि मर्नानं तिला व्हरांड्यातच अडवलं होतं: 'त्याला बघायला कुणी यायचं नाही. हा काय जत्रेतला खेळ आहे?' थेल्मानं भांडं पायरीवर ठेवलं, गाडी वळवली. त्याला नऊ वर्षं झाली. क्लाइव्हच्या मातीला आली होती, पण सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि चहाला न थांबता गेली.

"तिला नाही विचारणार मी."

"मग मीही सही नाही करणार." डेसनं टोपण लावलं. पुढचं तो टेबलाकडे बघत बोलला. "पोरी, तुझ्यासारखी उडणारी माणसं मी पाहिलीत. पडली तर पडली, त्याला इलाज नाही. पण एक जण पाय मोडून विमानाखाली चार दिवस जिवंत होता. कुणाला ठाऊकच नव्हतं तो निघाला होता ते."

नळ टपकत होता. मर्नानं हात पुसले, भिंतीजवळ गेली आणि फोन फिरवला. नंबर बोटांना पाठ होता. त्याचंच तिला वाईट वाटलं.

"थेल्मा, मी मर्ना."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. "कोण मेलं?"

"कुणी नाही. मी पुन्हा उडणार आहे. बोअरी बघायला. कुणीतरी घड्याळ बघायला हवं."

पलीकडे थेल्मानं कोंबड्यांना हुसकावलं.

"किती वाजता?"

"दोनला निघेन. चारला खाली."

"आणि नाही आलीस तर?"

"साडेचारपर्यंत थांब. मग बचाववाल्यांना फोन कर. त्यांचा नंबर देते."

"सांग. पेन्सिल शोधू दे." आणि मग, "वाट कुठली?"

मर्नानं वाट सांगितली. थेल्मानं ती शब्द न् शब्द परत म्हणून दाखवली, सावत्र आईनं मोजून भाकरी वाढावी तशा कोरड्या आवाजात, आणि फोन ठेवला.

डेसनं सही केली. जेवला आणि दुपारी एकला आपलं विमान घेऊन गावाकडे गेला. त्याचा आवाज बराच वेळ आभाळात रेंगाळला, मग तोही विरला.

दोनला मर्ना एकटीच निघाली. डेसचं वजन नव्हतं, म्हणून विमान तिच्या अंदाजाआधीच उचललं गेलं. शेजारची खुर्ची मोकळी. खाली माती लाल, वर आभाळ निळं, आणि मधे एवढासा एक आवाज, तिचा. विमानाची सावली मातीवरून धावत होती, झुडपांवरून उड्या मारत होती. सोबतीला तेवढीच.

पहिला हौद भरलेला. दुसरा भरलेला. तिसऱ्याशी गाई माना घालून दाटीनं उभ्या, म्हणजे पाणी तळाला गेलेलं. उद्या गाडीनं जाऊन तिथला कॉक बघायला हवा. चौथ्या बोअरीमागच्या डोहात पांढरं काही हललं. ती खाली उतरत गेली. पेलिकन! समुद्र हजार किलोमीटर लांब, आणि हे इथे, संथ तरंगत, जणू कुणी पाण्यावर उशा मांडल्यात.

"अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. इंजिनानं ते गिळून टाकलं.

घरी गेल्यावर क्लाइव्ह पहिलं तेच विचारायचा, काय काय दिसलं? वीस वर्षं ती जे बघत होती, ते त्याला सांगायला म्हणून बघत होती. अंथरुणावरून त्याला बोलता येईना तेव्हाही डोळ्यांनी विचारायचा, आणि तिच्यापाशी सांगायला स्वयंपाकघरापलीकडचं काही नसायचं. उरलेले सात हौद तिनं पाहिले, आकडे मांडीवरच्या कागदावर टिपले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून पुसले नाहीत.

पावणेचारला ती उतरली. विमान दोरांनी बांधलं. अंगण ओलांडून घरात आली तर पावलांचा आवाज तिला नको तेवढा मोठा वाटला. तिनं फोन लावला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत तो उचलला गेला.

"उतरले."

"बरं. खोडते." आणि फोन बंद.

मर्ना तशीच उभी राहिली, कानाला रिसीव्हर. त्यातून नुसती गुणगुण येत होती. काम झालं होतं. यापुढे रोजचं हेच: दोन शब्द जाताना, एक शब्द आल्यावर. याहून जास्त मागायचं तोंड तिला होतं कुठे? भांडं पायरीवर ठेवून गेलेल्या बाईकडे?

तिनं पुन्हा नंबर फिरवला.

"आता काय?" थेल्मा म्हणाली.

"चार नंबरच्या डोहात पेलिकन आलेत."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी जड अंगानं बसल्याचा.

"किती आहेत?" थेल्मानं विचारलं.

मर्नानं मोजले नव्हते. ती भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसली, डोळे मिटले, आणि तो डोह पुन्हा डोळ्यांपुढे आणून एकेक मोजू लागली.