कारण : आजारपण

मित्रांनो, शिरूरच्या बाजारपेठेत झेरॉक्सचं एक दुकान आहे. त्याच्या माळ्यावर, मोडक्या खुर्चीखाली मी पडून आहे. मी मराठी टाइपरायटर. माझी रिबन वाळली आहे आणि 'ळ' अर्धाच उमटतो.

मला कारखान्यात जोडलं, पण नाव मिळालं ते तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पोपटराव माझे मालक. रोज सकाळी ते मला पुसत, तेलाचा थेंब देत. वीस वर्षं मी अर्ज, करारनामे आणि प्रतिज्ञापत्रं छापली. पोपटरावांच्या कागदावर खाडाखोड नसते, असं लोक म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

१९९९ च्या जूनमध्ये कवठे येमाईचे हरिबा आपल्या मुलीला, धनश्रीला घेऊन आले. बारावी झाल्यावर ती वर्षभर घरी होती. आता तिला दौंडला नर्सिंगला जायचं होतं. अर्जाचा शेवटचा दिवस उद्या होता आणि मधलं वर्ष का गेलं ते शपथेवर सांगणारं गॅप सर्टिफिकेट हवं होतं.

"वर्ष का गेलं?" पोपटरावांनी विचारलं.

"काय व्हायचं ते ठरवत होते," धनश्री म्हणाली.

पोपटराव हसले. "ठरवायला वर्ष? आम्ही न ठरवताच म्हातारं झालो."

"मीच म्हणलं तिला थांब," हरिबा म्हणाले. "आमचा जलम मेंढरांमागं चालण्यात गेला. जिकडं ती, तिकडं आम्ही. हिनं तरी बघून पाऊल टाकावं."

"मग, काय दिसलं?"

"आजीला लकवा झाला," धनश्री म्हणाली. "तिचं सगळं मी केलं. आठ महिन्यांनी ती उठून बसली. तवा कळलं, मला हे जमतंय."

"आबा," पोपटराव हरिबांना म्हणाले, "असलं कारण कागदावर बसत न्हाई. आजारपण टाकतो. त्याला कुणी उलटून विचारत न्हाई."

आणि मी छापलं : 'मी वर्षभर आजारी असल्याने शिक्षण घेऊ शकले नाही.' एका दमात. एकही चूक नाही.

धनश्रीने वाचलं. "मामा, मी एक दिवससुद्धा आजारी नव्हते."

"अगं, वाचतंय कोण? कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं हायेत. कर सही."

तिने सही केली.

पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. तिथल्या बाईंनी नेमका तोच कागद वाचला. "वर्षभर अंथरुणात होतीस. वॉर्डात बारा तास उभी राहशील?" एवढंच विचारलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी हरिबा धनश्रीला घेऊन पुन्हा आले. "आता खरं लिवा," म्हणाले. पोपटरावांनी नवा कागद चढवला. 'मी कधीही आजारी नव्हते.' हेही मी तितकंच स्वच्छ छापलं. बापलेक तसेच दौंडला गेले. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "दोन्ही शपथेवर. यातलं खोटं कुठलं?" फाइल बंद झाली.

पुढच्या जूनमध्ये धनश्री एकटीच आली. शिरूरला बी.ए.ला नाव घालायचं होतं. आता गॅप दोन वर्षांचा झाला होता.

"कारण?" पोपटरावांनी विचारलं.

"आजारपण."

पोपटरावांचे हात थांबले.

"मागचंच टाका मामा," ती म्हणाली. "वाचतंय कोण?"

"शहाणी झालीस," पोपटराव म्हणाले. मला फक्त 'वर्षभर'चं 'दोन वर्षं' करावं लागलं.

काही वर्षांनी संगणक आला आणि मी या झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर आलो. मला आता कुणी पुसत नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा. धूळ झटका, तेल द्या. आणि तुमच्यापैकी कुणी एखादं वर्ष ठरवण्यात घालवलं, तर सही करण्याआधी कागदावर तेवढंच लिहून घ्या. 'ठरवत होते.' त्याला लागणारी सगळी अक्षरं माझ्याकडे होती, चांगली उमटत होती. ती कुणी दाबली नाहीत.