कुरणातली फिकट पट्टी

मित्रांनो, माझा जन्म आकाशात झाला. लिथुआनियावरून उडणाऱ्या जर्मन टेहळणी विमानातल्या कॅमेऱ्याने मला टिपले. मी एक हवाई फोटो. त्यांना रस्ते आणि पूल हवे होते. माझ्या अंगावर आणखी काय उमटले, ते कोणी पाहिले नाही. युद्ध संपले. मी परदेशातल्या एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. डब्यात मिट्ट काळोख, आणि माझ्यावरचे गाव मात्र उन्हात टक्क जागे.

एके दिवशी गिएद्रे नावाच्या संशोधिकेने मला भिंगाखाली ठेवले. शेजारी म्हातारे लेझर बसले होते. जर्मनांनी गावातल्या ज्यूंना हाकत नेऊन गोळ्या घातल्या आणि एकाच खड्ड्यात पुरले, तेव्हा लेझर लहान होते, गवताच्या गंजीत लपले होते. त्यांची आई परतली नाही. तो खड्डा पाइनच्या रानात आहे असे सगळे मानत; तिथल्या स्मारकाच्या दगडापाशी ते दर वर्षी मेणबत्ती लावत.

“काका, दगड इथे आहे,” गिएद्रे म्हणाली. “पण बघा, ही झाडं तेव्हाही जुनी, दाट. इथे कोणी खणलेलंच नाही.”

“मग माझी आई कुठे आहे?”

तिचे बोट गावाबाहेरच्या पायवाटेवरून सरकले. वाटेच्या टोकाला ना घर, ना विहीर. कुरणात फक्त एक लांबट, फिकट पट्टी होती, खणून बुजवल्यासारखी.

आता तिथे ब्रोनेबाईंची सफरचंदांची बाग होती. दोघे मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

“आमच्या बागेखाली? काहीतरीच काय! नातवंडं खेळतात माझी तिथे!” ब्रोनेबाई म्हणाल्या.

“खेळू देत की,” लेझर म्हणाले. “मी नुसता उभा राहतो.”

मेलेल्यांची झोप मोडायची नाही, हा ज्यूंचा धर्म. म्हणून गिएद्रेने ढेकूळही न हलवता जमिनीच्या पोटात पाहणारे यंत्र गवतावरून फिरवले. पडद्यावर उकरलेली माती दिसू लागली, नेमकी माझ्या पट्टीएवढी. ब्रोनेबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी मुलांना हळूच घरात बोलावले आणि झाडाला बांधलेला झोपाळा सोडून घेतला.

लेझरनी जमिनीवर तळवा टेकला. “आई, इतकी वर्षं भलत्याच दारावर थाप मारत होतो गं.”

मित्रांनो, जुने फोटो ओलाव्यात टाकू नका, फाडू नका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्याकडे नीट पाहावे लागते. माझ्या वरच्या कोपऱ्यात, नदीच्या वळणाशी, अशीच आणखी एक पट्टी आहे. तिच्यावर अजून कोणाचे बोट थांबलेले नाही.