झाकण उचलायच्या आधीची सकाळ

मी एक जुनं झाकण आहे. शिलाई मशीनचं. हसू नका, मित्रांनो! मशीनचं कौतुक सगळे करतात, तिला वेळच्या वेळी तेल मिळतं. मला साधं फडकं मिळायची मारामार.

युसूफ वडगाव या गावच्या म्हाळू सुताराने मला एका मोडक्या दाराच्या सागवानी फळ्यांतून घडवलं. चतुराबाईने बायकांच्या सहकारी शिवण सोसायटीतून मशीन घरी आणली होती, तिला झाकणच नव्हतं. "धूळ बसती, झाकण करून घे," असं तिचा नवरा आसाराम म्हणाला आणि दिवाळी झाल्यावर टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. घरात उरलो आम्ही तिघं: चतुराबाई, मशीन आणि मी.

माझं काम वाटतं तेवढं हलकं नव्हतं. उजाडलं की चतुराबाई दार लावून घ्यायची, चहा घेऊन मशीनसमोर बसायची आणि केस मोकळे सोडून सावकाश विंचरायची. चांगला अर्धा तास! फणीबरोबर बोलणंही चालायचं. "आज गारठा लई हाय. तिकडं फडात काय करत असतील हे?" ऐकायला मी एकटाच. वेणी झाली की ती मला उचलून बाजूला ठेवायची आणि कामाला लागायची. मी जागेवर असेपर्यंत ती कुणाची नव्हती, स्वतःची होती. त्याचा मला केवढा तोरा!

मग पाऊस न पडलेलं साल आलं. त्याही दिवाळीनंतर आसाराम गेला. गावात टँकर पहाटे कधीही यायचा, आणि घागर घेऊन निघालेली बाई आधी चतुराबाईच्या दारात.

"अगं, घरीच तर हायस! एवढी बाही शिवून दे."

"घरीच तर हायस! पोरीकडं ध्यान ठेव, मी नंबर लावून येते."

सोसायटीच्या चेअरमन केसरबाई तर दिवस उगवायच्या आत कापड आणून टाकायच्या. सव्वीस जानेवारीच्या आत आश्रमशाळेच्या पोरांचे शर्ट द्यायचे होते. चतुराबाईला कुणाला नाही म्हणवेना. केसांचा कसातरी बुचडा बांधून ती मशीनवर बसायची, ते अंधार पडेपर्यंत. मशीन झाकायची वेळच येईना, म्हणून तिने मला खाटेखाली सारलं. तिथे एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. काय सांगू, लाजेने मेल्यासारखं झालं! पण त्याहून वाईट वाटलं ते चतुराबाईच्या गप्प होण्याचं. दिवसभर दारात माणसं, आणि ही पहिल्यापेक्षा जास्त एकटी. मीही खाटेखाली एकटाच.

एका दुपारी केसरबाई गाठोडं घेऊन परत आल्या.

"चतुरे, खिसा उजवीकडं कावून लावलास? चाळीस शर्ट हायेत हे!"

चतुराबाईने एक शर्ट स्वतःच्या छातीला लावून पाहिला. मग तिला रडूच फुटलं.

"अक्का, डोकं जाग्यावर न्हाई माझं. महिना झाला, केसात फणी घातली न्हाई."

केसरबाईंना शर्टांचा जाब हवा होता. पण त्या तिच्या डोक्याकडे बघत राहिल्या.

"पहाटे सगळ्यांच्या आधी तर मीच येते गं," असं म्हणून त्या खाली बसल्या आणि खिसे उसवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चतुराबाईने कोंबडीला हुसकावलं, मला पुसून मशीनवर ठेवलं आणि दाराला कडी घातली. केस सोडले. गुंता असा, की फणीचे दोन दात गेले. तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारची भामाबाई होती.

"चतुरे, हायस का घरी?"

आता ही उठणार, मला उचलणार!

"न्हाई घरी!" चतुराबाई आतून म्हणाली.



"बरं," भामाबाई म्हणाली. "आल्यावर सांग."

आणि ती निघून गेली. चतुराबाई खुदकन हसली, हसता हसता तिचे डोळे भरले. ही गंमत सांगायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मला तर "हो" सुद्धा म्हणता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी घरी बसूनच काम करत असेल. सकाळी त्यांनी थोडा वेळ दार लावून घेतलं, तर घरीच तर आहेत म्हणून दार ठोठावू नका. आतून "घरी नाही" असं ऐकू आलं, तर ते खरं माना आणि मागे फिरा.