पूजेला जोडी

सावेडीत लंकाबाईंच्या घरामागची खोली मिळाली, तेव्हा दिपालीनं आधी काय केलं असेल, तर दोन्ही पोरींना अंघोळ घातली. दार लावून, कढत पाण्यानं, चांगली निवांत. नगरच्या स्टँडवर काढलेल्या उन्हाळ्याचा मळ मोरीतून वाहत गेला आणि धाकटी पाण्यातच पेंगायला लागली.

देवाचीच करणी म्हणायची. सप्ताहाच्या पंगतीत ती पोरींना घेऊन जेवायला बसली आणि जेवण झाल्यावर कुणी न सांगता भांड्यांच्या ढिगाकडे वळली. लंकाबाई कीर्तनात कायम पुढच्या रांगेतल्या. पण त्या दिवशी त्यांचं चित्त बुवांवरून उठून या बाईपाशी गेलं.

"कुठली गं तू?"

"पाथर्डीकडची. नवरा लई मारतो, मावशी. त्याला माझा पत्ता लागू नये, एवढंच हाय."

"राहा माझ्याकडं," लंकाबाई म्हणाल्या. विषय संपला. दिपालीला मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम लागलं, थोरली राणी शाळेत जाऊ लागली, धाकटी झोपेत किंचाळायची थांबली.

मग लंकाबाईंनी मनावर घेतलं, की खोलीत सत्यनारायण घालायचा.

पूजेच्या दिवशी दिपाली लंकाबाईंचीच हिरवी साडी नेसून तयार झाली आणि त्यांच्या घरातून खोलीकडे आली. चौरंगापुढं दोन पाट मांडलेले. एका पाटावर तिचा नवरा, वैजनाथ, बसलेला.

ती उंबऱ्यावरच थांबली.

"अगं ये की! अशी बघतीस काय?" लंकाबाईंचा चेहरा नुसता उजळला होता. "पूजेला जोडीनं बसावं, माझे बाई. आपले मृदंगवाले बुवा ह्यांच्या शेजारच्या गावचे निघाले, त्यांच्या हाती मीच निरोप धाडला. जावईबापूंनी दारू सोडली, माळ घातली, म्हणाले. अगं, वाटमारे नामानं तरले, हे तर घरचं माणूस!"

वैजनाथच्या गळ्यात खरंच तुळशीची माळ होती. कपाळाला बुक्का, अंगात पांढरा सदरा. शेजारच्या बाया कौतुकानं बघत होत्या. एकीनं तर, "नशीब काढलंस गं," म्हणून दिपालीला कोपरानं ढोसलं.

राणी गॅसच्या ओट्याखाली शिरून बसली होती. तिला कुणी पाहिलं नाही.

"वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा," भटजी म्हणाले.

दिपालीनं हात लावला. कशी न लावणार? भरलं घर, मांडलेला देव. वैजनाथ पळीनं पाणी सोडत हळूच बोलला, "लई लांब आलीस गं."

तोंडाला दारूचा वास नव्हता. म्हणूनच ती किंचित मागं सरकली.

आरती झाली, बायांनी माळकरी म्हणून वैजनाथला वाकून नमस्कार केला. प्रसादाचे द्रोण घेऊन लंकाबाई अंगणात आल्या, तशी दिपालीनं त्यांना भिंतीकडं ओढलं.

"मावशी, माझा हात मोडला तवा तो प्यालेला नव्हता."

"अं?"

"पिऊन आला की पडून झोपायचा. मारायचा तो शुद्धीत. राणी शाळेत गेल्यावर, शांतपणानं. लोक दारूचं नाव घ्यायचे, मीही घ्यायचे. बरं वाटायचं तेवढंच."

लंकाबाईंच्या हातातला द्रोण कलंडला. शिरा बोटांवरून ओघळला.

"पांडुरंगा... अगं, हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"मारतो म्हणून सांगितलं हुतं की."

लंकाबाई पदरानं बोटं पुसत म्हणाल्या, "आता कसं घालवू गं? आत्ताच माझ्या तोंडानं म्हटलंय, राहा, घर तुमचंच. आळीनं पाय धरलेत त्यांचे."

आतून वैजनाथची हाक आली. मऊ, गोड आवाजात. "राणे, बाहेर ये बाळा. पप्पाची पिशवी आत ठेव."

ओट्याखालून राणी निघाली. तिनं एकदा आईकडं पाहिलं. मग ती गेली आणि दारातली पिशवी दोन्ही हातांनी उचलून आत नेऊ लागली. फार जड होती. दिपाली पुढं झाली आणि तिनं एका बाजूनं पिशवीला हात लावला.

लंकाबाई अंगणात द्रोण धरून उभ्याच राहिल्या. त्यांना आत जाववेना आणि घरीही जाववेना.