राक्षसांचा आवाज

चष्मेवाल्याच्या धाकट्या भावाने तो खेळ घरात आणला, तेव्हा त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. तीन पातळ पुस्तिका आणि मूठभर फासे. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातले शूरवीर व्हायचं आणि वाटेत जी पिशाच्चं, जे राक्षस भेटतील त्यांच्याशी झुंजायचं. पुस्तिकेत प्रत्येक राक्षसाला जेमतेम दोन ओळी होत्या: ताकद किती, घाव किती सोसतो. तो बोलतो कसा, याचा पत्ताच नव्हता.

ती उणीव चष्मेवाल्याच्या बायकोने भरून काढली. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. आठवडाभर मऊसूत आवाजात "जरा थांबा, जोडून देते" म्हणायची. रविवारी दुपारी मात्र दुकान बंद करून सगळे काचा घासायच्या टेबलाभोवती बसले, की नरड्यातून असा काही आवाज काढायची, की पोस्टमनच्या हातातला फासा गळून पडायचा. पोस्टमन म्हणजे नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. गोष्ट नवऱ्याची, राक्षस तिचे. दारावर पहारा देणारा तिचा दैत्य गुडघ्यांनी बेजार होता. "तुमचं बरंय, लढून घरी जाल," तो खेकसायचा. "मी इथे शंभर वर्षं उभा आहे, टेकायला एक दगड नाही!" त्याला मारायला कुणाचा हात धजावेना. शेवटी पोस्टमनच्या शूरवीराने तलवार म्यान केली आणि एक दगड लोटत आणून दिला.

मग एकदा तिचा घसा बसला, तो बसलाच. आत गाठ निघाली. जीव वाचवायचा तर आवाजावर पाणी सोडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या जखमा भरल्यावर गळ्याला रुमाल गुंडाळून ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली. आता तिचे राक्षस टेबलावर बुक्क्या मारायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि धडाधड वाजल्या की पळत सुटा. जमत होतं.

एका रविवारी तो दारावरचा दैत्य पुन्हा भेटला. त्याला काहीतरी हवं होतं. ती हातवारे करून सांगू लागली, पण कुणाला उमगेना.

"पाणी? ढाल? कुत्रं?" पोस्टमन विचारत राहिला.

ती पुन्हा पुन्हा करून दाखवत होती, कपाळावर घाम आला. नवऱ्याला बघवेना.

"अरे, दगड टोचतोय, उशी मागतोय तो!" असं म्हणून त्याने दैत्याचा आवाज काढला. हुबेहूब तिचाच. तीच खरखर, तोच तक्रारीचा सूर. सगळे पोट धरधरून हसले. तीही हसली. मग 'चहा ठेवते' अशी खूण करून आत गेली.

बराच वेळ चहा येईना म्हणून धाकटा दीर आत डोकावला. नळ वाहत होता आणि ती ओट्याला धरून उभी होती.

"वहिनी, काय झालं?"

तिने नळ बंद केला आणि त्याच्या हातात कपबशा दिल्या.

पुढच्या रविवारी ती खेळायला बसली नाही. संध्याकाळी नवरा तिच्याजवळ गेला.

"चुकलंच माझं. तुझी तगमग बघवली नाही गं."

तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

"मग येशील ना खेळायला?"

तिने बोटाने त्याच्या गालावर हलकेच टकटक केलं. दोनदा.

तिच्याशिवाय कुणाचं मन लागेना. खेळ बंद पडला. वर्ष फिरायच्या आत गाठ परत आली आणि ती गेली.

पोस्टमन टपाल द्यायला येई तेव्हा दोघे दोस्त हवापाण्याचं बोलत. एकदा मात्र तो दारातच घुटमळला.

"वहिनींचा तो आवाज... एकदा काढशील? इतके दिवस कानात होता रे. आता आठवेनासा झालाय."

चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली. घसा खाकरला, तोंड उघडलं. निघाला तो त्याचाच आवाज, थकलेला. त्याने पुन्हा करून पाहिलं, पण ते काही जमलं नाही.

"नाही येत," तो म्हणाला. "तेव्हा ती समोर बसली होती."

पोस्टमनने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून तोंड ओंजळीत लपवलं. चष्मेवाला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. एक बाई चष्म्याचा नवा नंबर काढायला आत आल्या. दोघांना तसं पाहून बाहेर पायरीवर जाऊन थांबल्या.