हरलेल्याच्या हातचा चषक

मित्रांनो, मी एक जुना पितळी चषक आहे आणि माझा रंग क्रेनसारखा पिवळाजर्द आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आखातात, मुसफ्फातल्या आमच्या क्रेनच्या कारखान्याच्या ऑफिसात पुष्कळ जण हसले. मला त्याचं काही वाटत नाही. हसणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून उभं राहण्यासाठीच तर माझा जन्म झाला.

तो झाला पोर्तुगालच्या डोंगराळ मुलखात. तिथले दगडखाणीतले मजूर आणि बुचाच्या झाडांची साल काढणारे लोक रविवारी फुटबॉल खेळत. मैदानं सगळी उताराची. वरच्या गोलरक्षकाला खालच्याची फक्त टोपी दिसे. शहरातल्या मोठ्या संघटनेने त्यांना स्पर्धेत घ्यायला साफ नकार दिला. म्हणे, आधी मैदान सपाट करा. आता डोंगर कोण सपाट करणार? गावकऱ्यांनी मग आपली स्वतःची स्पर्धा काढली आणि आर्मांदो नावाच्या भांडी घडवणाऱ्या म्हाताऱ्याने पितळेचा पत्रा ठोकून मला घडवलं. माझा डावा कान उजव्यापेक्षा जरा मोठा आहे. कारण आर्मांदोने चष्मा लावायला नकार दिला होता. तोही त्याच हट्टी मुलखातला!

पहिल्या वर्षी प्रश्न पडला, चषक कोणाच्या हस्ते द्यायचा? शहरातल्या अध्यक्षाला बोलवायला कोणी तयार नव्हतं. शेवटी ठरलं की हरलेल्या संघाच्या कप्तानाने स्वतःच्या हाताने तो जिंकलेल्या कप्तानाला द्यायचा. बाकी कोणी बोट लावायचं नाही. मित्रांनो, हे सोपं नसतं. एकाने रडत रडत दिलं, एकाने रागाने इतकं जोरात आदळलं की माझा कान वाकला. पण दिलं. दरवर्षी माझ्या पोटावर जिंकलेल्या गावाचं नाव कोरलं जाई आणि मी ताठ मानेने त्या गावी जाई.

मग गावं रिकामी होऊ लागली. तरुण मुलं कामासाठी फ्रान्सला गेली, जर्मनीला गेली. संघात अकरा माणसं जमेनात. शेवटची स्पर्धा जोआकिमच्या गावाने जिंकली. पुढच्या वर्षी ठरल्या दिवशी जोआकिम बूट घालून, मला काखोटीला मारून मैदानावर गेला. समोर कोणी आलंच नाही. त्या दिवसापासून तो आपल्या नातवाला, टियागोला, एकच गोष्ट सांगत राहिला. "हा माझा नाही रे. मला कोणाकडून तरी हरायचं राहून गेलंय." ती इच्छा मनात घेऊनच तो गेला. त्यानंतर टियागोच्या आईने माझ्यात कांदे ठेवले. इतका अपमान मी जन्मात सोसला नव्हता.

टियागो शिकून क्रेनचा इंजिनियर झाला आणि मुसफ्फात नोकरीला आला. येताना टॉवेलात गुंडाळून मला घेऊन आला. कारखान्यामागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत कामगार रविवारी फुटबॉल खेळत. एका बाजूला वेंगुर्ल्याचा दत्ताराम आणि त्याचे वेल्डर, दुसऱ्या बाजूला मुरूडचा मोहिद्दीन आणि त्याचे कंपनीच्या बसवरचे ड्रायव्हर. मैदान सपाट होतं, पण पाय घोट्यापर्यंत रुतत. टियागोने मला त्यांच्या हवाली केलं आणि जुना नियमही सांगितला. दोघांना तो एका झटक्यात पटला. तेव्हापासून कधी दत्ताराम हरला, कधी मोहिद्दीन. माझं आयुष्य पुन्हा सुरू झालं. जो हरे तो शिव्या घालत मला उचले आणि देताना समोरच्याला मिठी मारे.

यंदा मात्र कंपनीने या सामन्याचा 'स्पोर्ट्स डे' करायचं ठरवलं. मंडप, बॅनर, कॅमेरे, सगळा थाट. दत्तारामला वाटलं, आपला कप त्या दिवशी कसा नवरदेवासारखा दिसला पाहिजे. आता हा माणूस जन्मभर लोखंडात वावरलेला. लोखंड जुनं दिसलं की वाळूच्या फवाऱ्याने खरवडायचं आणि वर रंग मारायचा, एवढं त्याला ठाऊक. त्याने मोठ्या प्रेमाने मला पेंट शॉपमध्ये धाडलं. त्या फवाऱ्याखाली माझ्या पोटावरची सगळी गावं पुसली गेली. मग क्रेनचा उरलेला पिवळा रंग माझ्यावर चढवला. राग आला का म्हणता? असा आला की मला तोंड असतं तर पेंट शॉपचं छप्पर उडालं असतं.

टियागोने मला हातात घेतलं. जिथे त्याच्या आजोबांच्या गावाचं नाव होतं तिथून बोट फिरवलं. दत्तारामचा चेहरा पांढराफटक पडला.

"साब, गलती हो गया. हम सोचा, एकदम चकाचक करेगा."

टियागोने माझा वाकलेला कान चाचपला. मग आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "नाम खलास. पर हाथ से देनेवाला आदमी है ना?"

"है साब," दत्ताराम म्हणाला.

पण ऑफिसला ते मान्य नव्हतं. कार्यक्रम एचआरच्या अनुपमा मॅडमकडे होता. बाई पुण्याच्या, स्वभावाने वाईट नाहीत, पण वरून आलेला आदेश त्यांना पाळायचा होता. "दत्ताराम, तुमच्या फीलिंग्ज मला कळतात हो," त्या म्हणाल्या, "पण हे आता स्क्रॅप आहे. आपण क्रिस्टलची ट्रॉफी मागवली आहे. जीएम सर देणार, फोटो हेड ऑफिसला जाणार. हरलेल्या माणसाने ट्रॉफी द्यायची, हे किती ऑकवर्ड दिसेल!"

आणि कोणीतरी मला उचलून मैदानाच्या कडेला भंगाराच्या पिंपाजवळ नेऊन ठेवलं. सामना संपला की पिंपात. मी तिथूनच सामना पाहिला. घाबरलो नव्हतो, असं सांगणार नाही. पण मान खाली घातली नाही.

सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर गेला. दत्तारामचा शेवटचा फटका खांबाला लागला आणि तो तिथेच वाळूत बसला. मोहिद्दीनचे ड्रायव्हर नाचू लागले. स्टेजवर जीएम साहेब चकाकणारी काच हातात घेऊन उभे राहिले. माइकवर मोहिद्दीनचं नाव पुकारलं.

मोहिद्दीन स्टेजसमोर आला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"मोहिद्दीन, या ना वर," अनुपमा मॅडम म्हणाल्या.

"माफ करा मॅडम. कप दत्ताभाऊ देईल. त्याच्या हातून नाय आला, तर मी जिंकलो कुठे?"

सुपरवायझर दातओठ खात दत्तारामकडे बघत होता. नोकरी त्याच्याच शेऱ्यावर चालते, हे दत्तारामला पक्कं माहीत होतं. तरी तो उठला. कपड्यांची वाळूसुद्धा न झटकता पिंपाकडे आला आणि मला दोन्ही कानांनी धरून उचललं. त्याचे डोळे भरले होते. सगळ्या साहेबांच्या समोरून तो ताठ चालत गेला आणि मला मोहिद्दीनच्या हातात दिलं.

"घे मेल्या," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी परत आणून देशील."

"इन्शाल्ला बघू," मोहिद्दीन म्हणाला आणि त्याने त्याला मिठी मारली. दोघांच्या मध्ये मी चेंगरलो. टियागो पाठ फिरवून डोळे पुसत होता. त्याच्या आजोबांचं राहून गेलेलं हरणं त्या दिवशी एका वेंगुर्लेकराने पुरं केलं. जीएम साहेब जरा वेळ काच धरून उभे राहिले. शेवटी अनुपमा मॅडमनीच फोटोवाल्याला आमच्याकडे वळायची खूण केली.

ती काचेची ट्रॉफी आता रिसेप्शनच्या कपाटात आहे. तिच्यावर रोज फडकं फिरतं. मी मोहिद्दीनच्या बसमध्ये पुढच्या काचेपाशी बसून उन्हात तापतो आणि रोज कामगारांबरोबर कामावर जातो. कानांवरचा पिवळा रंग हात लागून आत्ताच उडू लागला आहे, खालून पितळ दिसतं.

तेव्हा मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवा, असं मी विनवणार नाही. माझ्यासारखं काही तुमच्या हाती आलं तर त्याच्यासाठी जीव तोडून खेळा. आणि हरलात, तर वाळूतून उठा आणि ते स्वतःच्या हाताने देऊन या.